पाणी कुठून येतंय?

मागच्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या सोसायटीच्या मीटर रूममध्ये पाणी शिरलं. ठाण्यात राहणाऱ्यांना यात नवीन काही नाही, नाला भरला की तळमजल्याला पाणी येतंच, पण आमची मीटर रूम चार पायऱ्या खाली आहे आणि पाणी गुडघ्याकडे चाललेलं. लाइट बाहेरून कट केली होती. सगळे जमले, कोणी मोबाईलचा टॉर्च मारतंय, कोणी पंपवाल्याला फोन लावतंय. पंप आला, सुरू झाला, नळी गेटबाहेर सोडली, धडधड आवाज, डिझेलचा धूर, आणि भिंतीवरची ओली रेघ होती तिथेच. पंप ओढतोय, पाणी हलत नाही. तेवढ्यात माझे बाबा, जे थोडे दिवस राहायला अलिबागहून आले होते, हाफ पँट आणि बनियनवर जिना उतरून आले आणि म्हणाले, "पाणी कुठून येतंय ते बघितलं का कोणी?"

कोणी बघितलं नव्हतं. बाबा त्या काळ्या पाण्यात उतरले आणि तळव्याने भिंत चाचपत चाचपत पुढे गेले, एखाद्याच्या पाठीवर हात फिरवावा तसे हळू. रस्त्याच्या बाजूच्या भिंतीत केबलसाठी सोडलेला पण कधीच न वापरलेला एक पाईप होता, तोंड उघडं, पाण्याखाली गेल्यामुळे कोणाला दिसत नव्हता. बाहेरचा नाला त्यातून सरळ आत येत होता. मग त्यांनी मागितलं ते असं: गोणपाट, जुनी उशी, प्लायवूडचा तुकडा, रंगाऱ्यांच्या परांचीतला एक बांबू, आणि माळ्याचा कोयता. गोणपाट पाईपात ठासला, त्यावर उशी, उशीवर प्लायवूड, आणि प्लायवूडपासून समोरच्या भिंतीपर्यंत बांबू आडवा. बांबू त्यांनी मुद्दाम थोडा आखूड कापून घेतला होता. राहिलेल्या फटीत दोन पाचरी समोरासमोर घालून दोन्हीकडून आळीपाळीने ठोकल्या, आणि बांबू असा ताठ बसला की हलवून हलेना. पाणी झिरपत होतंच, पण थोडं. आणि मग पंपाने आपलं काम केलं, बघता बघता पायऱ्या दिसायला लागल्या.

वर आल्यावर आईने चहा केला. मी सहज विचारलं, "बाबा, जहाजावर असंच करायचात ना तुम्ही?" ते टॉवेलने पाय पुसत होते. म्हणाले, "सराव केला गं. खरं कधीच नाही. हे पहिलंच."

ते वाक्य मला सोडेना.

बाबा नेव्हीत शिपराईट होते. म्हणजे जहाजाचं इंजिन नाही, तोफा नाहीत, तर जहाजाचं अंग सांभाळणारे, पत्रा, लाकूड, दारं, झडपा, हॅच म्हणजे डेकवरची झाकणं. माझं लहानपण कुलाब्याच्या नेव्हीनगरात गेलं आणि आमच्या घरात दारं वाऱ्याने आपटू नयेत म्हणून खाली सरकवायला ज्या पाचरी होत्या त्या बाबांनी केलेल्या, चिडाच्या, म्हणजे पाईनच्या लाकडाच्या. त्या लाकडाला एक गोडसर, राळेसारखा वास येतो, पावसाळ्यात जास्तच. आम्ही त्या पाचरींचे डोंगर करून खेळायचो. मला कितीतरी वर्षं वाटायचं की पाचर हे दाराखाली घालायचंच असतं. मऊ लाकूड का, सागवान का नाही, हे मोठेपणी कळलं: मऊ लाकूड ठोकलं की दबून आकार घेतं आणि पाणी प्यायलं की फुगतं, म्हणजे जितकं भिजेल तितकं घट्ट बसतं. जहाजाच्या अंगाला भोक पडलं तर ठोकायची ती शंकूसारखी लाकडी बुचं पण तशाच मऊ लाकडाची, त्यांना कापड गुंडाळून ठोकतात. एवढी मोठी युद्धनौका, रडार, मिसाईल, आणि तिच्या डॅमेज कंट्रोलच्या कपाटात लाकडी बुचं, पाचरी, वासे, करवत, घण. अजूनही असतात.

त्या रात्रीनंतर मी बाबांना विचारत सुटले. एरवी ते नोकरीबद्दल फार बोलत नाहीत, पण हे विचारलं की हात बोलायला लागतात. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी आहे, १९४५ पासूनची, तिथे एनबीसीडी स्कूल आहे, म्हणजे आग, पूर आणि बाकीची संकटं जहाजावर कशी हाताळायची याची शाळा. तिथे आता गोवा शिपयार्डने बांधलेला सिम्युलेटर आहे, पूर्ण कंपार्टमेंट डोलतं आणि ठिकठिकाणच्या भोकांतून पाणी अंगावर येतं, आणि त्या अंधारात, आवाजात पोरांनी भोकं बुजवायची. लोणावळ्याचं जुलैतलं पाणी किती गार असतं हे वेगळं सांगायला नको. बाबा म्हणाले, पाण्यापेक्षा आवाज घाबरवतो. दाबाखाली येणाऱ्या पाण्याचा आवाज इतका असतो की शेजारचा काय ओरडतोय ते कळत नाही, म्हणून सगळं खुणांवर आणि सवयीवर. विचार करायचा तो आधी करून ठेवायचा.

आणि त्यांनी जे पहिलं शिकवलं ते पंप नव्हतंच. हिशोब असा: पाण्याच्या पातळीखाली तीन मीटरवर, वीतभरापेक्षाही लहान, १५ सेंटीमीटरचं गोल भोक पडलं तर मिनिटाला जवळपास पाच हजार लिटर पाणी आत येतं. मिनिटाला. हातात उचलून नेता येणारा कुठलाही पंप त्याला पुरा पडत नाही. पण त्याच भोकाचा पाऊण भाग कसाही, गादी कोंबून, बूच ठोकून बुजवला की येणारं पाणी साधारण पावपट होतं आणि मग पंपांचा मेळ बसायला लागतो. म्हणून बाबा म्हणतात गळती पूर्ण थांबवायचा हट्ट धरायचा नाही, पाण्याला पंपापेक्षा हळू करायचं. भिंत फुगली असेल तर तिला ठोकून सरळ करायला जायचं नाही, आहे तशी टेकू देऊन धरायची, नाहीतर जी तग धरून आहे ती पण जाते. टेकूच्या वाशाची लांबी जाडीच्या तीसपटीच्या आत ठेवायची, चार इंची वासा असेल तर दहा फुटांच्या पुढे नाही, नाहीतर तो वाकतो. हे सगळं ते मला बटाटे सोलता सोलता सांगत होते आणि सोलाणं हवेत फिरवून वासा कसा तिरका लावायचा ते दाखवत होते.

मला वाटायचं जहाज बुडतं म्हणजे पाण्याने भरतं, जड होतं आणि खाली जातं. बाबा म्हणाले बऱ्याचदा तसं होत नाही, जहाज भरायच्या आधी कलंडतं. परातीत पाणी घेऊन चालून बघ, म्हणाले. पाणी थोडंच असतं पण परात जरा एका बाजूला झाली की सगळं पाणी तिकडे धावतं आणि परात आणखी तिकडे. जहाजाच्या रुंद डेकवर पसरलेलं वीतभर पाणी तसंच, जहाज कललं की ते खालच्या बाजूला पळतं, आणि ज्या वजनाने जहाज परत सरळ व्हायला पाहिजे ते वजनच उलट्या बाजूने ओढायला लागतं. हा परिणाम रुंदीच्या घनाने वाढतो, म्हणजे रुंदी दुप्पट तर परिणाम आठपट. त्याच जागेत लांबीच्या दिशेने मधोमध एक भिंत घातली तर तो एकदम पावपट होतो. म्हणून वरच्या डेकवर थोडं पाणी साठणं हे खाली तळात भरपूर पाणी असण्यापेक्षा वाईट असू शकतं, आणि म्हणून पहिल्यांदा ते पाणी खाली सोडायचं किंवा बाहेर काढायचं, डेकवरच्या निचऱ्याच्या जाळ्या साफ ठेवायच्या.

आणि ते पाणी कधीकधी आपणच ओततो.

हे सांगताना बाबांचा आवाज बदलला. विंध्यगिरी. माझगाव डॉकने बांधलेली, १९८१ साली नौदलात आलेली फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका. ३० जानेवारी २०११, रविवार होता, नौसैनिकांची कुटुंबं समुद्रावर फिरवून परत येताना मुंबई बंदराच्या तोंडाशी तिची एका मालवाहू जहाजाशी टक्कर झाली. माणसं सगळी सुखरूप उतरली, पण आग लागली, आणि ती विझवायला रात्रभर पाणी मारलं, आणि दुसऱ्या दिवशी ती डॉकयार्डात धक्क्याला बांधलेली असतानाच बुडाली. आपल्या स्वतःच्या बंदरात, दोरांनी बांधलेली. तेरा वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये त्याच डॉकयार्डात दुरुस्तीला असलेल्या ब्रह्मपुत्राला आग लागली, रात्रभर झगडून आग आटोक्यात आली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती डावीकडे कलंडली ती धक्क्याला टेकून आडवीच. एक नौसैनिक गेला. दुरुस्तीतल्या जहाजाची गोष्ट वेगळी असते, सामान काढलेलं असतं, केबली ओढलेल्या असल्यामुळे दारं धड बंद होत नाहीत. बाहेरच्या देशांतही हेच झालंय, १९४२ साली न्यूयॉर्कच्या धक्क्यावर नॉर्मंडी नावाचं प्रचंड प्रवासी जहाज आग विझवण्याच्या पाण्यानेच कलंडलं, आणि २००६ साली तांबड्या समुद्रात अल सलाम बोकाचिओ ९८ नावाची प्रवासी बोट, तिच्या गाड्यांच्या डेकवर आग विझवायला मारलेलं पाणी बाहेर जाईना, हजारावर माणसं गेली. आग दिसते, जळते, ओरडते, त्यामुळे सगळे आगीकडे पळतात. पाण्याकडे बघणारा एक माणूस लागतो जो आगीकडे पाठ करून उभा राहील आणि मोजत राहील की आपण किती टन आत मारलं आणि किती बाहेर काढलं. मला हे काम फार एकाकी वाटतं. सगळे धुरात घुसून शूर ठरतायत आणि तुम्ही हातात पेन्सिल घेऊन सांगताय की पाणी थांबवा.

आमच्याकडे रेवसच्या बाजूला अजूनही म्हातारी माणसं रामदास बोटीचं नाव काढलं की गप्प होतात. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, काशाच्या खडकाजवळ लाटेने पाणी आत आलं आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. बाबांची आत्या त्या दिवसाबद्दल सांगायची, ती तेव्हा लहान होती, रेवसच्या धक्क्यावर माणसं वाट बघत उभी होती ते तिने पाहिलेलं. तिच्या सांगण्यात नेहमी एक गोष्ट यायची, पाणी आलं तशी माणसं घाबरून एका बाजूला पळाली आणि बोट त्या बाजूला गेली. मी ही गोष्ट लहानपणापासून घाबरलेल्या माणसांची गोष्ट म्हणून ऐकली होती. आता बाबांकडून ते परातीतलं पाणी समजल्यावर मला ती वेगळी ऐकू येते. माणसंही पाण्यासारखीच उताराकडे गेली. कोणाचा दोष काढणार? पायाखालची फळी कलली की कोणीही वरच्या बाजूला धरायला बघणार, आणि ज्याला धरायला काही नाही तो खालीच जाणार. त्या बोटीला वेगवेगळ्या भिंतींनी अडवलेली जागा, कोणाला कुठे बसायचं हे सांगणारं कोणी, हातात लाइफ जॅकेट, यातलं पुरेसं काही असतं तर, असं मी मनात म्हणत राहते आणि मग थांबते.

आईच्या आणि माझ्या गप्पांत (बाबा बाजूला पेपर वाचत असतात) आई म्हणाली, तुझ्या बाबांची एकच कटकट असायची, दारं. क्वार्टर्समध्ये पण. बाथरूमचं दार उघडं, कपाटाचं दार उघडं, रात्री उठून बंद करत फिरायचे. जहाजावर प्रत्येक पाणबंद दारावर, हॅचवर एक अक्षर रंगवलेलं असतं, एक्स, वाय, झेड, त्यावरून कुठलं दार कधी बंदच पाहिजे आणि कोणाच्या परवानगीने उघडायचं ते ठरतं. समुद्रावर चार महिने, चाळीस डिग्री, खाली दमट, आणि जेवणाची थाळी घेऊन जाणाऱ्या पोराला दर वेळी ती जाडजूड क्लिप, म्हणजे दाराची कडी, उघडायची आणि मागे वळून परत लावायची. कंटाळा येणारच. नॉर्वेची हेल्गे इंग्स्टा नावाची फ्रिगेट नोव्हेंबर २०१८ मध्ये पहाटे तेलाच्या टँकरला घासली, अंगाला लांबच लांब फट पडली. १३७ जण होते, सगळे वाचले ही मोठी गोष्ट. पण पाणी एका कंपार्टमेंटमधून दुसऱ्यात गेलं, तेही कुठून तर प्रोपेलरच्या पोकळ शाफ्टमधून, आणि शेवटी जहाज सोडून जाताना मागे दारं, हॅच बंद केली नाहीत. चौकशीत पुढे निष्कर्ष निघाला की ती सगळी बंद केली असती तर जहाज तरंगत राहिलं असतं. किनाऱ्याला वायरींनी बांधून ठेवलेलं ते जहाज वायरी तुटून जवळजवळ पूर्ण पाण्याखाली गेलं. बाबांनी तो फोटो मोबाईलवर कितीदा मोठा करून बघितला असेल. ते रागावले नव्हते. म्हणाले, "पहाटे चार वाजता, अंधारात, लाइट गेलेली, माणसं जखमी, तेव्हा आठवून दार लावणं होत नाही. ते आधीच लागलेलं पाहिजे."

याच्या उलट उदाहरण पण त्यांनीच दिलं. ऑक्टोबर २००० मध्ये येमेनमधल्या एडनला यूएसएस कोल या अमेरिकन युद्धनौकेवर आत्मघाती हल्ला झाला, १७ खलाशी गेले, अंगाला प्रचंड भगदाड. पहिला पूर त्यांनी अडवला. आणि मग नंतरच्या एका रात्री जनरेटर बंद पडला, पंप थांबले, पाणी परत चढायला लागलं, आणि त्या आधुनिक जहाजावरच्या दमलेल्या माणसांनी अंधारात रांग लावून बादल्यांनी पाणी उपसलं. जहाज वाचलं. मला ती रांग डोळ्यांपुढे येते, कोण कोणाच्या हातात बादली देतंय ते दिसत नाही, नुसता हात येतो आणि वजन देऊन जातो.

आणि काही वेळा कशालाच वेळ नसतो. खुकरी ही आपली युद्धनौका ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाणबुडीच्या टॉर्पेडोने गेली, काही मिनिटांत, तिचे कॅप्टन मुल्ला यांच्यासह १९४ अधिकारी-नौसैनिकांना घेऊन गेली. तिथे पाचर, वासा, पंप याला काय अर्थ. बाबा त्यावर फक्त एवढंच म्हणतात की त्यानंतर जहाजावर रोज रात्री झोपण्याआधी आपल्या बंकपासून वर जायचा रस्ता डोळे मिटून हाताने चाचपत जाऊन यायची सवय त्यांनी लावून घेतली. मीटर रूममध्ये त्यांनी भिंत तशी का चाचपली ते मला आत्ता कळतंय. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राजवळ पी-३०५ बार्ज, म्हणजे कामगारांना राहायचा सपाट तराफा, बुडाला, २६१ माणसं होती, नौदलाने खवळलेल्या समुद्रातून बहुतेकांना काढलं पण सत्तरच्या वर गेली, आणि पुढचे काही दिवस रायगडच्या किनाऱ्यावर प्रेतं येत होती. बाबा तेव्हा सकाळी फिरायला समुद्रावर जायचे बंद झाले. त्या माणसांबद्दल बोलताना मात्र ते रागावतात, त्यांच्यातले किती जण वेल्डर, फिटर, खानसामे होते, त्यांना कोणी शिकवलं होतं का कुठलं दार कधी लावायचं?

मला वाईट वाटतं ते याचं की बाबांसारख्यांचं काम जमलं तर काहीच घडत नाही. इंजिनवाल्याचं इंजिन चालतं, तोफवाल्याचा नेम लागतो. यांचं यश म्हणजे कोरडं कंपार्टमेंट. निवृत्तीच्या दिवशी त्याबद्दल कोणी काय बोलणार? उभी नोकरी एका रात्रीसाठी तयार राहायचं आणि ती रात्र येऊ नये म्हणून रोज झडपांना ग्रीस लावायचं, दारांचे रबर तपासायचे, रबरावर खडू घासून दार लावून बघायचं की खडूची रेघ सगळीकडे सारखी उमटते का. ती रात्र त्यांच्या नोकरीत आली नाही याचा मला आनंद आहे, आणि तरी त्या मीटर रूममध्ये पाचर शेवटची ठोकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघितल्यावर आनंद एवढाच शब्द पुरत नाही.

एक प्रश्न मी बरेच दिवस विचारला नव्हता. पाणबंद दार माणसाच्या उंचीचं असतं, पलीकडे पाणी दाराच्या वरच्या कडेपर्यंत चढलं आणि अलीकडे कोरडं असेल तर त्या दारावर सव्वा टनाच्या आसपास जोर असतो. म्हणजे ते वेळेत लावलं नाही तर मग लावता येतच नाही. तर मी विचारलं, आत माणूस असेल तर?

बाबा लगेच म्हणाले, डोकी मोजायची, हाका मारायच्या, भिंतीवर ठोकायचं, आणि दार लावायचा हुकूम वरून येतो, दारापाशी उभ्या माणसाने ठरवायचं नसतं. मी म्हणलं, हुकूम आला, आणि आतून ठोकल्याचा आवाज येतोय. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लावलं असतं. पलीकडे एक, अलीकडे दोनशे. लावलं असतं आणि त्याच्या गावी मी स्वतः गेलो असतो सांगायला. दुसऱ्या कोणाला पाठवलं नसतं." आई म्हणाली, पुरे आता. पण ते थांबले नाहीत, क्लिप मारायचा क्रम सांगायला लागले: आधी बिजागरीच्या समोरच्या बाजूची, म्हणजे दार धरलं जातं, मग बाकीच्या, आणि सगळ्या सारख्याच घट्ट, एक आवळून दुसरी सैल असं नाही, नाहीतर रबर एका कोपऱ्यात दबतं आणि दुसऱ्या कोपऱ्यातून पाणी येतं. मी वही आणली आणि ते सांगतील तसं लिहून घेतलं.